सौर मोहिमेचा डेटा उतरवला, पण आलेख करवतीसारखा येतोय : काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

सूर्याच्या डेटावर नव्याने काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मला एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळते. फाइल उतरवली पण उघडत नाही. उघडली, पण आत काहीच नाही. चित्र दिसलं, पण सौर ज्वालेचा (फ्लेअरचा) आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतोय. दोन उपकरणांच्या वेळा जुळत नाहीत. आणि यातल्या बहुतेकांनी मनाशी निष्कर्ष काढलेला असतो, की संग्रहातच डेटा खराब आहे.

माझ्या अनुभवात तसं फार क्वचित निघतं. संग्रहाने जे पाठवायचं ते पाठवलेलं असतं, आणि ते कसं वाचायचं हेही सोबत पाठवलेलं असतं. ते आपण वाचत नाही. फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रचलित प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला जे हेडर असतं, तिथे एक्स्पोजर, वेळ, कोन, दर्जा, प्रक्रियेची पातळी असं सगळं नोंदलेलं असतं, पण आपण थेट चित्रावर उडी मारतो. ही पोस्ट म्हणजे हेडर कुठल्या क्रमाने वाचायचं याचा माझा नेहमीचा क्रम आहे.

उदाहरणं मुख्यतः नासाच्या एसडीओ या सौर वेधशाळेची घेतोय, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ११ फेब्रुवारी २०१० रोजी निघालेलं हे यान. त्यावरचं एआयए हे उपकरण ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलची चित्रं टिपतं, अतिनील तरंगलांबींमध्ये दर १२ सेकंदांनी. यानाकडून रोज येणारा डेटा साधारण दीड टेराबाइट. सोहो, सोलर ऑर्बिटर किंवा आपलं आदित्य-एल१ या इतर सौर यानांच्या डेटावर काम करत असाल तरी तपासणीचा क्रम हाच ठेवा. हेडरमधली नावं बदलतील, प्रश्न तेच राहतील.

आधी ही फाइल फिट्सच आहे ना, ते बघा

अ‍ॅस्ट्रोपाय या पायथन संचाने "सिंपल कार्ड सापडलं नाही, ही वैध फिट्स फाइल दिसत नाही" अशा अर्थाची चूक दाखवली, तर कोड तपासत बसू नका. फाइलचा आकार बघा. एआयएची एक दाबलेली फाइल साधारण १० एमबीच्या आसपास असते. तुमची फाइल काही केबीचीच असेल, तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत बहुतेक वेळा वेबपेज सापडेल: लॉगिनचं पान, नाहीतर "ही मागणी आता उपलब्ध नाही" असा निरोप. तुमच्या स्क्रिप्टने तेच पान मुकाट्याने फिट्स नावाने साठवलं.

असं होण्याची दोन कारणं मला वारंवार दिसतात. पहिलं, लॉगिनचं सत्र संपणं. आदित्य-एल१चा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवरून मिळतो आणि तिथे नोंदणी करून आत जावं लागतं. अशा कुठल्याही पोर्टलवर रात्रभर चालणारी स्क्रिप्ट लावली आणि मध्येच सत्र संपलं, तर त्यापुढची प्रत्येक फाइल लॉगिनचं पान असू शकते. सकाळी शेकडो फाइली दिसतात, सगळ्या अगदी एकाच आकाराच्या. आकार तंतोतंत सारखा असणं हीच खूण.

दुसरं कारण मागणीची मुदत. एसडीओचा मुख्य संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसॉकमध्ये आहे. तिथे मागणी नोंदवावी लागते, ती तयार झाली की दुवे मिळतात आणि ते काही दिवसच जिवंत राहतात. एवढा अवाढव्य डेटा सगळाच्या सगळा कायम डिस्कवर ठेवणं शक्य नसतं. बराच जुना भाग टेपवर असतो आणि कोणी मागितला की डिस्कवर आणला जातो. म्हणून जुन्या वर्षांची मागणी "प्रक्रियेत" अशा अवस्थेत बराच वेळ राहिली, तर थांबा. तीच मागणी चारदा नोंदवल्याने रांग वाढते, काम लवकर होत नाही.

आकार योग्य वाटतोय पण फाइल मध्येच तुटल्याचा संशय असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. फिट्स फाइल २,८८० बाइटच्या ठोकळ्यांत लिहिलेली असते. हेडरची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, अशा ३६ ओळींचा एक ठोकळा. फाइलचे एकूण बाइट २,८८० ने भागा. बाकी उरली, तर फाइल अर्धवट उतरली आहे. (जीझिपने गुंडाळलेली फाइल आधी सोडवा, मग भागा.) हजार फाइलींवर ही तपासणी काही सेकंदांत होते. डेटा उतरवल्यावर सर्वात आधी ती करायची सवय लावून घ्या.

आणि कधीकधी संग्रहच बंद असतो, हेही खरं. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी जेसॉकच्या सर्व्हर खोलीत थंड पाण्याचा पाइप फुटला, यंत्रांत पाणी शिरलं आणि एसडीओच्या डेटावरची प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर ठप्प झाली. त्या काळात मला आलेले अर्धे प्रश्न "माझ्या कोडमध्ये काय चुकलं" असे होते. काल चालणारी स्क्रिप्ट आज अचानक चालेनाशी झाली, तर संग्रहाच्या मुख्य पानावरची सूचना आधी वाचा.

फाइल उघडते, पण चित्र रिकामं

हे एका मिनिटात सुटतं. एआयए आणि एचएमआय (सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं एसडीओवरचं दुसरं उपकरण) यांच्या फाइली राइस पद्धतीने दाबलेल्या असतात. अशा फाइलमध्ये पहिला विभाग रिकामा असतो आणि खरं चित्र दुसऱ्या विभागात असतं. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून शून्य क्रमांक मागितला तर काहीच मिळत नाही. क्रमांक १ मागा. सनपाय या पायथन संचाने फाइल उघडत असाल तर ते आपोआप योग्य विभाग निवडतं.

चित्र आहे पण हेडर जवळजवळ कोरं आहे, असं असेल तर जेसॉकवर मागणी नोंदवताना कुठला प्रकार निवडला होता ते आठवा. तिथे "आहे तशी" फाइल मागता येते आणि "फिट्स" प्रकारातही मागता येते. पहिल्या प्रकारात माहिती डेटाबेसमध्येच राहते, फाइलमध्ये येत नाही. घाईत पहिला पर्याय निवडला जातो, कारण तो लवकर तयार होतो. पण हेडर नसेल तर पुढचं काहीच करता येणार नाही. पुन्हा मागा.

करवत

आता मूळ प्रश्नाकडे. १५ फेब्रुवारी २०११ ची एक्स२.२ ज्वाला घ्या (एक्स हा ज्वालांचा सर्वात तीव्र वर्ग). चोविसाव्या सौरचक्रातली ती पहिली एक्स वर्गातली ज्वाला, त्यामुळे सरावासाठी बहुतेक जण तीच निवडतात. जागतिक वेळेनुसार १:४४ ला सुरुवात, १:५६ ला शिखर. १३१ आंगस्ट्रॉम तरंगलांबीची चित्रं उतरवली, ज्वालेच्या भागातल्या पिक्सेलांची बेरीज केली, आलेख काढला. आधी रेघ शांत. ज्वाला चढू लागली की एक बिंदू वर, पुढचा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि मग विद्यार्थी सूर्यावर २४ सेकंदांचं स्पंदन सापडलं म्हणून आनंदाने मला लिहितो.

ते स्पंदन कॅमेऱ्याचं आहे. या तरंगलांबीत एआयएचं नेहमीचं एक्स्पोजर सुमारे २.९ सेकंद असतं (१७१ आणि १९३ मध्ये २ सेकंद). ज्वाला इतकी तेजस्वी होते की तेवढ्या वेळात पिक्सेल भरून वाहू लागतात. म्हणून यान आपणहून एक्स्पोजर कमी करतं, पण प्रत्येक चित्रासाठी नाही. एकाआड एक. एक चित्र छोट्या एक्स्पोजरचं, पुढचं नेहमीचं. १२ सेकंदांच्या लयीत एकाआड एक म्हणजे २४ सेकंद. करवतीच्या दात्यांमधलं अंतर तेच.

उपाय असा: प्रत्येक चित्राच्या हेडरमधलं एक्स्पोजर घ्या आणि पिक्सेलच्या आकड्याला त्याने भागा. समजा एका जागेवरून सेकंदाला २,००० एकक येतात. २.९ सेकंदांत ५,८०० जमतील, अर्ध्या सेकंदात १,०००. भागाकार दोन्हींचा सारखाच, २,०००. करवत नाहीशी होते.

बहुतेक मार्गदर्शिका इथेच थांबतात, पण मला वाटतं खरी अडचण इथून पुढे आहे. भागाकार केल्यावरही मोठ्या ज्वालांमध्ये करवत शिल्लक राहते, आणि या वेळी ती उलटी असते: आता छोट्या एक्स्पोजरचे बिंदू वर, लांब एक्स्पोजरचे खाली. कारण संपृक्तता. एआयएच्या कॅमेऱ्यात आकडा १६,३८३ च्या पुढे जाऊ शकत नाही. लांब एक्स्पोजरमध्ये पिक्सेल तिथे अडकतो, त्याला २.९ ने भागलं की सेकंदाला सुमारे ५,६५० मिळतात. सूर्य त्याच्या दहापट तेजस्वी असला तरी तेवढेच. जादा विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत सांडतो, म्हणून चित्रात ज्वालेच्या जागेवरून एका दिशेला पांढऱ्या पट्ट्या दिसतात.

म्हणून ज्वालेच्या काळात लांब एक्स्पोजरची चित्रं वगळा आणि फक्त छोटी ठेवा. कालभेदन, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, १२ ऐवजी २४ सेकंदांचं होईल, ते स्वीकारा. छोट्या चित्रांतही कमाल आकडा तपासा, कारण सर्वात मोठ्या ज्वालांमध्ये तीही भरतात. आणि सरासरीचा सरकता पट्टा फिरवून करवत "गुळगुळीत" करण्याचा मोह टाळा. तसं केलंत तर खऱ्या आणि अडकलेल्या आकड्यांची सरासरी निघते, आलेख देखणा दिसतो आणि शिखराची उंची चुकीची येते. प्रकल्प अहवालांत हे मी इतक्या वेळा पाहिलंय की दर वेळी मन खट्टू होतं. मेहनत सगळी केलेली असते, फक्त एक हेडर वाचायचं राहून गेलेलं असतं.

ज्वालेच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट. वैश्विक कणांचे आघात चित्रात टोकदार ठिपके उमटवतात, म्हणून पहिल्या पातळीच्या एआयए डेटातून ते आधीच काढलेले असतात. पण ज्वालेच्या सुरुवातीला खरोखरच एखाद्या बारीक जागी क्षणभर प्रखर ठिपका उजळतो, आणि तोही कधीकधी आघात समजून पुसला जातो. चांगली गोष्ट ही, की संग्रह ते पुसलेले पिक्सेल वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवतो. एआयएपाय या पायथन संचात ते परत जागेवर बसवण्याची सोय आहे. जे काढून टाकलं तेही जपायचं आणि सगळ्या जगाला उघडं ठेवायचं, या एका निर्णयासाठी मला या संग्रहाच्या रचनाकारांबद्दल मनापासून आदर वाटतो.

रोजचा खड्डा आणि वर्षांचा उतार

आलेखात रोज साधारण एकाच वेळी खोल खड्डा दिसत असेल, आणि तारीख मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपासची असेल, तर एसडीओ ग्रहणात होतं. ते पृथ्वीभोवती भूसमकालिक कक्षेत फिरतं. वर्षातून दोनदा, सुमारे तीन आठवडे, पृथ्वी रोज त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. हेडरमध्ये दर्जाचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे निर्धोक. शून्य नसेल ते चित्र बाजूला काढा आणि कारण बघा. ही चाळणी पहिल्याच दिवशी स्क्रिप्टमध्ये घालून टाका.

वर्षांचा उतार मात्र दर्जाच्या आकड्यात दिसत नाही. अतिनील किरणांच्या माऱ्याने उपकरणाची संवेदनशीलता हळूहळू घटते. ३०४ आंगस्ट्रॉममध्ये ही घट फारच मोठी आहे. २०१० आणि २०२० ची चित्रं जशीच्या तशी शेजारी ठेवली तर सूर्यच मंदावला असं वाटेल. घटीची दुरुस्ती करणारे तक्ते प्रसिद्ध केलेले असतात आणि वेळोवेळी सुधारले जातात. वापरलेल्या तक्त्याची आवृत्ती आपल्या नोंदीत लिहून ठेवा.

वेळा जुळत नाहीत

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

पहिली, घड्याळाची पद्धत. एचएमआयच्या मालिकांमध्ये नोंदीची वेळ आंतरराष्ट्रीय अणुवेळेत असते, तर एआयएच्या चित्रातली निरीक्षणाची वेळ जागतिक समन्वित वेळेत. दोन्हींत लीप सेकंदांमुळे (जागतिक वेळेत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांमुळे) वाढत गेलेला फरक आहे: फेब्रुवारी २०११ मध्ये ३४ सेकंद, १ जानेवारी २०१७ पासून ३७. एआयएच्या लयीत हा फरक जवळपास तीन चित्रांचा. दोन उपकरणांत ३४ ते ३७ सेकंदांची तफावत दिसली, तर भौतिक कारण शोधण्याआधी हेच तपासा.

दुसरी, वेळ नेमकी कशाची. फाइलच्या नावातली वेळ बऱ्याचदा ठरलेल्या वेळापत्रकातल्या खिडकीची असते, प्रत्यक्ष एक्स्पोजरची नाही. हेडरमध्येही एक्स्पोजरची सुरुवात आणि मध्य असे दोन वेगळे क्षण असू शकतात. एचएमआयच्या ७२० सेकंदांच्या मालिकेत तर एक नोंद म्हणजे १२ मिनिटांचा हिशेब. वेळ फाइलच्या नावातून कापून घेऊ नका.

तिसरी, प्रकाशाचा प्रवास. आदित्य-एल१ आणि सोहो पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहेत. तिथे प्रकाश आपल्यापेक्षा ५ सेकंद आधी पोचतो. सोलर ऑर्बिटरचं तसं नाही. ते सूर्यापासून ०.३ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.३ पट) अंतरावर असेल तर प्रकाश त्याच्याकडे १५० सेकंदांत जातो, पृथ्वीकडे यायला ४९९ लागतात. तीच ज्वाला त्याला जवळपास सहा मिनिटं आधी दिसते. त्याच्या हेडरमध्ये यानावरची वेळ आणि पृथ्वीसाठी दुरुस्त केलेली वेळ, दोन्ही दिलेल्या असतात. तुलनेसाठी दुसरी घ्या.

सूर्य उलटा

एचएमआयचं मॅग्नेटोग्राम (चुंबकीय क्षेत्राचा नकाशा) एआयएच्या चित्रावर ठेवलं आणि सूर्यावरचे डाग भलत्याच गोलार्धात गेले, तर घाबरू नका. एचएमआयच्या हेडरमधला फिरवण्याचा कोन जवळपास १८० अंश असतो. चित्र तेवढं फिरवा, हाताने आरसा लावू नका, नाहीतर पूर्व-पश्चिम चुकेल.

सोहोच्या बाबतीत हे तारखेवर अवलंबून असतं. २००३ मध्ये त्याच्या मुख्य अँटेनाची हालचाल अडकली, तेव्हापासून अँटेना पृथ्वीकडे राहावा म्हणून यान साधारण दर तीन महिन्यांनी १८० अंशांत फिरवलं जातं. म्हणजे लास्को या सोहोवरच्या कॅमेऱ्याची काही महिन्यांची चित्रं सुलट, काही महिन्यांची उलट. धूमकेतू शोधणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यावं. मार्च २०२४ मध्ये सोहोच्या चित्रांतून सापडलेल्या धूमकेतूंची संख्या ५,००० वर गेली, आणि त्यातले बहुतेक सार्वजनिक चित्रं चाळणाऱ्या हौशी अभ्यासकांनी शोधले आहेत. कोन न बघता कळवलेली जागा मात्र कोणाच्याही उपयोगाची नाही.

तीच घटना, दोन आकडे

संग्रहातला डेटा एकदाच ठेवून विसरलेला नसतो. आधी घाईची आवृत्ती येते, नंतर अंकशोधन (कॅलिब्रेशन) करून पक्की. एचएमआयमध्ये घाईच्या मालिकांची नावंच वेगळी असतात. सोलर ऑर्बिटरचा झटपट येणारा डेटा निरीक्षणांच्या नियोजनासाठी असतो, शोधनिबंधासाठी नाही.

क्ष-किरणांच्या आकड्यांत हा गोंधळ सर्वात जास्त होतो. वर घेतलेली एक्स२.२ ज्वाला काहींना एक्स३.१ च्या आसपास मिळते आणि ते हादरतात. गोस ८ ते १५ या, सूर्याचे क्ष-किरण मोजणाऱ्या अमेरिकी उपग्रहांच्या जुन्या प्रचलित डेटात लांब तरंगलांबीच्या पट्ट्याचे आकडे ०.७ ने गुणलेले होते. पुन्हा प्रक्रिया केलेल्या वैज्ञानिक आवृत्तीत तो गुणक काढून टाकला आहे. २.२ भागिले ०.७, म्हणजे ३.१४. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच आलेखात दोन्ही आवृत्त्या मिसळू नका.

मदत मागताना

एवढं करूनही प्रश्न उरला, तर संग्रहाच्या मदत कक्षाला लिहा. तिथली माणसं मनापासून उत्तर देतात, पण "डेटा चालत नाही" एवढ्यावरून त्यांना काही करता येत नाही. मागणीचा क्रमांक, मालिकेचं पूर्ण नाव, अडचण असलेल्या एका चित्राची नेमकी वेळ आणि ती कुठल्या पद्धतीत आहे, डेटा उतरवल्याची तारीख, फाइलचे बाइट, चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा, आणि त्या एका फाइलचं संपूर्ण हेडर साध्या टेक्स्टमध्ये जोडा. चित्राचा स्क्रीनशॉट हेडरच्या जागी चालत नाही.